अधिकारकक्षेची आडकाठी

पनामात डिसेंबर १९९० च्या आंदोलनानंतर २७० सरकारी कर्मचारी बडतर्फ झाले. आयोगामार्फत प्रकरण आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयात पोहोचताच सरकारने हरकत घेतली: तक्रार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे गेली होती, म्हणून येथे चालणार नाही. १९९९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. संघटनेची समिती शिफारस करते, न्यायालय बंधनकारक निकाल देते. एक दुसऱ्याच्या आड येत नाही. २००१ मध्ये कामगारांना परत घेण्याचा आदेश झाला.

‘हा औद्योगिक विवादच नाही’ ही मालकांची हरकत आपल्याही परिचयाची आहे. अशा प्राथमिक मुद्द्यांवर कामगाराला वर्षानुवर्षे ताटकळवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. पी. माहेश्वरी खटल्यात १९८३ मध्येच बजावले. अधिकारकक्षा जरूर तपासा. पण तिच्या आडून कामगाराची उमेद खचवणे आम्हाला मान्य नाही.