स्तंभ आणि फराटे

जोसेफ पेनेल या अमेरिकन चित्रकाराने १९०४ साली न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींची अम्लरेखने केली. वॉल स्ट्रीटलगतचा नवा शेअरबाजार हा त्यांतलाच एक विषय. तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओढलेल्या आणि आम्लाने खोल केलेल्या त्या रेषांचे कौतुक कलासमीक्षक आजही करतात. शहराचा वेग, उंचीचे काव्य, गर्दीची लय! परंतु तपशील आहे तो इमारतींना. माणसांच्या वाट्याला चार-दोन फराटे. हा चित्रकाराचा दोष म्हणावा, तर भांडवलशाहीचा हिशेब याहून वेगळा कुठे आहे?

शेअरबाजाराच्या दर्शनी भागावर त्याच काळात संगमरवरी मूर्ती बसविण्यात आल्या. मध्यभागी सचोटी, दोन्ही बाजूंस शेती, खाणकाम, उद्योग. श्रमाला शिल्पात स्थान मिळाले, नफ्यात नाही. १९०७ च्या ऑक्टोबरात एका तांबे कंपनीच्या शेअरांवरील सट्टा फसला. त्या हादऱ्याने निकरबॉकर ट्रस्टचे व्यवहार थांबले, ठेवीदारांच्या रांगा लागल्या आणि पाठोपाठ बेकारी आली. सट्टा स्तंभांआडच्या मूठभरांचा. किंमत मोजली फराट्यांनी.

पुढे मूर्तींचा संगमरवर झिजू लागला. १९३६ मध्ये त्या जागी पत्र्याच्या पोकळ मूर्ती बसविल्या गेल्या, खालून दगडीच भासाव्यात अशा. बाजाराच्या सचोटीवर याहून बोलके भाष्य कोणत्या टीकाकाराला सुचले असते?

रसिकांनी मान वर करून थक्क व्हावे, हीच अशा वास्तूंची अपेक्षा असते. समाजवाद्याने आधी खाली पाहावे. त्या फराट्यांत माणसे ओळखता आली, तरच चित्र पाहिले असे म्हणता येईल.