बाईंसाठी, स्वतःच्या हातांनी

५ सप्टेंबर जवळ आला की दुकानांत चकचकीत कार्डं आणि प्लास्टिकचे गुलाब दिसू लागतात. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्मदिवस १९६२पासून शिक्षक दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशीची भेट विकतची कशाला, असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून या अंकात मुलांनीच करायच्या वस्तू आहेत. जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून केलेली टिपणवही, गेरूच्या रंगावर पांढरी वारली चित्रं काढलेली पुस्तकखूण, घरीच रुजवलेलं तुळशीचं रोप. कागद वाकडा कापला जाईल, डिंक बोटांना चिकटेल. पालकांनो, तो कागद सरळ करायला धावू नका! सोबत दोन ओळींचं पत्र मात्र हवंच: बाईंनी किंवा सरांनी शिकवलेलं नेमकं काय आवडलं, ते मुलांच्याच शब्दांत. तुमच्या घरी काय तयार झालं, आम्हाला जरूर कळवा.