पिकाचे निदान कोणी करावयाचे?

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडोंना इस्पितळात दाखल करावे लागले. शासनाने विशेष चौकशी पथक नेमले आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर त्या भागात तात्पुरती बंदी घातली. मोनोक्रोटोफॉस या जहाल औषधावर देशव्यापी बंदीचा आदेश निघावयास मात्र २०२३ साल उजाडावे लागले. दोष कोणाचा, या प्रश्नास त्या वेळी जी उत्तरे मिळाली त्यांत मृतांचाच दोष प्रामुख्याने सांगितला गेला. त्यांनी हातमोजे घातले नव्हते, तोंडास फडके बांधले नव्हते, वाऱ्याची दिशा पाहिली नव्हती! हे सारे खोटे होते असे आमचे म्हणणे नाही. परंतु असा उपदेश करणाऱ्यांनी भाद्रपदातल्या उकाड्यात, डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत, रबरी अंगरखा चढवून व पाठीवर पंप घेऊन एक दिवस तरी काढून पाहावा.

खरा प्रश्न निराळाच आहे. कोणते औषध, किती प्रमाणात, कशात मिसळून आणि कोणत्या किडीसाठी फवारावयाचे, हे त्या माणसांना कोणी सांगितले होते? कापूस पिकविणाऱ्या कोणत्याही तालुक्याच्या गावी जाऊन चौकशी केली तर उत्तर एकच मिळेल : दुकानदाराने. शेतकरी रोगट पान किंवा किडकी पाती खिशात घालून कृषी सेवा केंद्रात जातो, गल्ल्यामागचा गृहस्थ ते पाहतो अथवा न पाहताच दोन-तीन बाटल्या पुढे ठेवतो, आणि हिशेब उधारीच्या वहीत लिहिला जातो. दुकानदार दुष्ट असतो असे नव्हे. अडीअडचणीला उधार देणारा तोच असतो आणि पुष्कळदा गावात भेटणारा एकमेव जाणकारही तोच असतो. परंतु ज्याचा चरितार्थ बाटली खपण्यावर अवलंबून आहे त्याने ‘यंदा फवारूच नका’ असा सल्ला द्यावा, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नाही. आजार झाल्यास आपण वैद्याकडे जातो व त्याची चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानी जातो. पिकाच्या बाबतीत मात्र वैद्य व दुकानदार एकच!

याचा परिणाम काय होतो हे गुलाबी बोंडअळीच्या कथेवरून दिसते. २००२ साली बीटी कापसास परवानगी मिळाली, २००६ साली दोन जनुकांचे वाण आले, आणि बोंडअळीचा प्रश्न कायमचा मिटला अशी समजूत सर्वत्र पसरली. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर साध्या कापसाचे १२० ग्रॅम बियाणे मिळत असे. शेताच्या कडेने ते लावल्यास बीटीला न सरावलेले पतंग तेथे वाढावेत आणि सरावलेल्यांशी त्यांचा संकर होऊन अळीची प्रतिकारशक्ती वाढू नये, हा त्यामागचा हेतू. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे सुमारे १.३४ हेक्टर. एवढ्या तुकड्यातील काही ओळी किडीच्या स्वाधीन कराव्यात असे सांगणारी ती छोटी पिशवी बहुतेकांनी बाजूला टाकली यात नवल ते काय? ती का लावावयाची हे त्यांना पटवून देणारे कोणी नव्हते. पहिल्या जनुकास गुजरातेतील अळी दाद देत नाही हे बियाण्याच्या कंपनीनेच २०१० साली मान्य केले. पुढे दुसरे जनुकही निष्प्रभ झाले, आणि २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील कापसाचा घास या अळीने घेतला. ज्या हंगामात फवारणीने माणसे मारली, त्याच हंगामात फवारणीला पीकही वाचविता आले नाही.

ते वाचणे कठीणच होते. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात कळीत वा बोंडात शिरते, तिच्यामागे छिद्र बुजते, आणि मग बाहेरून कितीही विष ओतले तरी ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही. उपाय आहेत, पण ते वेळेवर आणि डोळे उघडे ठेवून करावे लागतात. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावयाचे, सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडू लागले की सावध व्हावयाचे, डोमकळ्या वेचून नष्ट करावयाच्या, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डिसेंबरात पीक काढून टाकावयाचे, फरदड ठेवावयाची नाही. यांपैकी बहुतेक उपायांत दुकानदारास काहीही मिळत नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेस हे सारे ठाऊक आहे. राज्यात २००९ पासून ‘क्रॉपसॅप’ नावाची कीड-सर्वेक्षणाची योजनाही आहे. परंतु अमुक भागात अमुक किडीचा प्रादुर्भाव आहे असा संदेश आल्याने, माझ्या शेतातले हे पान कशाने लाल झाले, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

यावर उपाय म्हणून विक्रेत्यालाच शहाणे करावे, असा एक विचार आहे. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने २००३ पासून विक्रेत्यांसाठी वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम चालविला आहे. तो स्तुत्य असला तरी विक्रेत्याचे अज्ञान त्याने कमी होईल, त्याचा हितसंबंध बदलणार नाही.

इंडोनेशियाने १९८६ साली काय केले ते येथे पाहण्यासारखे आहे. भातावरील तपकिरी तुडतुड्यांनी त्या देशास हैराण केले होते. औषधांवर सरकारचीच मोठी सूट होती. शेतकरी मनसोक्त फवारी आणि तुडतुडे खाणारे कोळी व अन्य मित्रकीटक त्यात मरून तुडतुडे अधिकच माजत. अध्यक्ष सुहार्तो यांनी भातासाठी ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, १९८९ पर्यंत ती सूट काढून घेतली, आणि शेताच्या बांधावर वर्ग भरविले, ज्यांत शेतकऱ्यांनी स्वतःच रोपावरचे शत्रू व मित्र मोजावयास शिकावे. तांदळाचे उत्पादन घटले नाही. अलीकडे, २०११ पासून, ‘कॅबी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ‘प्लँटवाइज’ कार्यक्रमाने आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील तीसहून अधिक देशांत पीक-दवाखाने उभे केले. बाजाराच्या दिवशी एक टेबल मांडावयाचे. शेतकऱ्याने रोगट फांदी आणावी, शिकलेल्या माणसाने ती तपासून लेखी चिठ्ठी द्यावी. टेबलावर विकावयास काहीही नसते.

महाराष्ट्रास हे अशक्य नाही. राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत, जिल्हावार कृषी विज्ञान केंद्रे आहेत, आणि कृषी पदवीचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी कार्यानुभवासाठी खेड्यांत राहावयास जातातच. जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत कापूस तालुक्यांच्या प्रत्येक आठवडी बाजारात एक अनुभवी कीटकशास्त्रज्ञ व दोन विद्यार्थी बसविण्यास नव्या महामंडळाची गरज नाही. त्यांनी दिलेल्या चिठ्ठीवाचून जहाल वर्गातील औषध विकू नये, असा निर्बंध त्याच तालुक्यांपुरता प्रथम घालून पाहावा. विक्रेत्यांच्या संघटना त्यास विरोध करतील आणि कंपन्यांचे प्रतिनिधी मंत्रालयात खेटे घालू लागतील. तेव्हा कृषी खात्याने २०१७ च्या यवतमाळच्या इस्पितळांतील नोंदी त्यांच्यापुढे ठेवाव्यात.