औषध बदलताना कार्यभार कोण सोपवणार?

नेवाळकरांच्या काळापासून झाशीत स्थायिक झालेल्या मराठी घरांतील आजीबाईंच्या पाठीचा बाक आम्ही लहानपणी वयाचाच भाग मानीत असू. पुष्कळदा तो नकळत खचलेल्या मणक्यांचा असतो, हे फार उशिरा कळले. आज हाडांच्या ठिसूळपणावर प्रभावी औषधे आहेत. पण ती बदलण्याची आणि थांबवण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरलेले नाही.

परिचयातील एका वृद्धेला परगावच्या डॉक्टरांनी डेनोसुमॅब सुरू केले. दर सहा महिन्यांनी त्वचेखाली एक इंजेक्शन. पुढे मुलाची बदली झाली, बाई झाशीला परतल्या, आणि ‘आता बरे आहे’ म्हणून औषध थांबले. वर्षभरात तीन मणके खचले.

अलेंड्रोनेट किंवा झोलेड्रॉनिक ॲसिड हाडात मुरते आणि थांबवल्यावरही काही काळ उपयोगी पडते. डेनोसुमॅब तसे साठत नाही. मात्रा लांबली की रोखून धरलेली झीज उसळते आणि एकाच वेळी अनेक मणके मोडण्याचा धोका वाढतो. म्हणून ते थांबवायचे, तर पाठोपाठ दुसरे औषध द्यावे, असा इशारा युरोपीय तज्ज्ञांनी २०१७ मध्ये दिला. टेरिपॅराटाइड हाड बांधते. तो लाभ टिकवण्यासाठीही नंतर झीज रोखणारे औषध लागते. उलट, डेनोसुमॅबवरून थेट टेरिपॅराटाइडवर आलेल्या स्त्रियांची अस्थिघनता काही काळ घटल्याचे २०१५ च्या एका अभ्यासात दिसले. म्हणजे औषधांइतकाच त्यांचा क्रमही महत्त्वाचा.

सरकारी नोकरीत बदली झाली की कार्यभार सोपवल्याची नोंद केल्याशिवाय खुर्ची सुटत नसे. (ती नोंद पुष्कळदा निव्वळ औपचारिक असे, हेही कबूल करतो.) रुग्ण स्त्री मात्र एका डॉक्टरांकडून दुसऱ्याकडे जाते ती पिशवीतल्या चुरगळलेल्या चिठ्ठ्यांसह. आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. पण ते रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी. खुबा मोडला तर शस्त्रक्रियेचा खर्च मिळतो. तो मोडू नये म्हणून बाह्यरुग्ण विभागात घ्यावयाच्या इंजेक्शनचा मिळत नाही. हा हिशेब कोणत्याही लेखापालाला पटणार नाही.

तान्ह्या बाळाच्या पुढच्या लसीची तारीख गावची आशा कार्यकर्ती तोंडपाठ सांगते. तसेच एक साधे कार्ड या स्त्रियांना जिल्हा रुग्णालयातून मिळावे: चालू औषध, पुढची तारीख, आणि ते थांबल्यास त्याच्या जागी काय.

त्या बाईंचे इंजेक्शन पुन्हा सुरू झाले आहे. पुढची तारीख सुनेने स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहिली आहे.