रविवारपुरती उपासना?



‘ख्रिस्ती उपासना चर्चमध्ये होते, बाहेरचं सगळं समाजकार्य,’ असं गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचं म्हणणं. हा हिशेब आमच्या भागाला तरी लागू पडत नाही.

आष्ट्याहून एसटीने सांगली गाठायची आणि पुढे मिरजेला ‘मिशन’ इस्पितळात जायचं, हा इथल्या कैक घरांचा शिरस्ता होता. रुग्णासोबत भाकरीचं गाठोडं आणि वळकटी. ते इस्पितळ 1894 साली उभारणारे विल्यम वानलेस मिशनरी होते आणि शल्यविशारदही. त्यांची शस्त्रक्रिया उपासनेत धरायची की नाही? पत्रलेखकांच्या मते बहुधा नाही. बायबलमधल्या पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा 12वा अध्याय मात्र शरीरच जिवंत यज्ञ म्हणून वाहायला सांगतो आणि त्यालाच उपासना म्हणतो.

रेव्ह. ना. वा. टिळक तर याहून पुढे गेले. 1917 मध्ये साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा भक्तसंघ मांडला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली.

चर्चमधली प्रार्थना कमी लेखण्याचा इथे हेतू नाही. पण सोमवारचा दवाखाना उपासनेतून वगळायचा असेल, तर त्याला शास्त्राधार कोणता, हे पत्रलेखकांनी पुढच्या अंकात जरूर कळवावं.

— एक वाचक, आष्टा (जि. सांगली)