आधीच कळलं तर?

रोज संध्याकाळी आईला जेसल पार्कच्या चौपाटीवर फिरायला नेतो. खाडीपुलावरून लोकल धडधडत गेली की ती विचारते, "हे आले का रे?" बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. आधी मी खरं सांगायचो. मग तिला ते रोज नव्याने कळायचं! आता म्हणतो, "पुढच्या गाडीने येतील."

परवा अमेरिकेतल्या मामेभावाचा फोन. तिकडच्या एफडीएने मे २०२५ मध्ये अल्झायमरच्या रक्तचाचणीला मान्यता दिली म्हणे. "छप्पन्नचा झालास, करून घे."

ही चाचणी रक्तातल्या पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड या प्रथिनांचं गुणोत्तर मोजते. त्यावरून मेंदूत अमायलॉइड साठलंय का, याचा अंदाज येतो. पण मान्यता आहे ती पंचावन्नच्या पुढच्या, लक्षणं दिसू लागलेल्या लोकांसाठी. माझ्यासारख्या धडधाकटासाठी नव्हे. शिवाय अमायलॉइड साठलेल्या प्रत्येकाला स्मृतिभ्रंश होतोच असंही नाही.

आईच्या वेळी ही चाचणी असती तर मी नक्की केली असती. "वय झालं, चालायचंच" म्हणत आम्ही दोन वर्षं घालवली. मला मात्र ती नको. आकडा वाईट आला तर चष्मा विसरलो तरी घरचे माझ्याकडे कसे बघतील, ते मला आत्ताच दिसतंय.

लॅन्सेटच्या २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगी चौदा कारणं दिली आहेत, त्यात रक्तदाब आणि बहिरेपणाही आहे. म्हणून बीपी मोजून आलो. दीडशेच्या वर निघालं, गोळी सुरू झाली. कान तपासायचे राहिलेत. ते आधी करायला हवे होते, असं बायकोचं फार जुनं मत आहे!