‘हे माझं काम नाही’ म्हणणारा वकील

माझा मामेभाऊ ३४ व्या वर्षी गेला. नांदेडहून लोह्याकडे मोटारसायकलवर जाताना टेम्पोने मागून धडक दिली. फॅब्रिकेशनचं छोटं दुकान होतं, महिन्याला १५ हजारांच्या आसपास हाती राहायचे. मामू आधीच गेलेले. मागे राहिल्या मुमानी, भाभी आणि तीन लहान मुलं.

नुकसानभरपाईचा दावा कुणाकडे द्यायचा, हा प्रश्न घरात कुणी विचारलाच नाही. नात्यातले एक वकील होते. जमिनीचे फेरफार, भाडेकरूंची भांडणं, चेक बाऊन्स यांत त्यांचा चांगला हात. अपघाताचे दावे मात्र त्यांनी फारसे चालवले नव्हते. हे त्यांना माहीत होतं, आम्हाला नव्हतं. “घरचंच काम आहे, मी बघतो,” ते म्हणाले. आम्हीही निर्धास्त झालो.

निकालात भावाचं उत्पन्न महिना ८ हजार धरलं गेलं, कारण उत्पन्नाचा पुरावाच दाखल नव्हता. पुरावा घरात होता. लोखंड खरेदीची बिलं, बँकेचं पासबुक, पिग्मीची वही, सगळं कपाटात पडून होतं. कुणी मागितलंच नाही.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून हिशेबच मांडतो. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या सुप्रीम कोर्टाच्या निकालांनी भरपाईचं सूत्र ठरवून दिलं आहे. वय ४० च्या आत आणि स्वतःचा धंदा असेल, तर उत्पन्नात ४० टक्के वाढ धरायची. अवलंबून असलेली माणसं चार ते सहा असतील, तर मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश उत्पन्न वजा करायचं. ३४ वर्षांसाठी गुणक १६. महिना १५ हजारांवर हे सूत्र चालवलं तर ३० लाख २४ हजार येतात. ८ हजारांवर चालवलं तर १६ लाख १२ हजार ८००. फरक १४ लाखांहून जास्त. एका कपाटातल्या कागदांचा हा फरक, आणि तो तीन मुलांच्या शिक्षणातून गेला.

आता लातूरची गोष्ट. माझ्या इंजिनिअरिंगच्या रूममेटचे वडील ऑटो चालवायचे. चाकूरजवळ अपघात झाला, पाय कायमचा अधू झाला. त्यांनी ओळखीच्या एका तरुण वकील मुलीला गाठलं. ती म्हणाली, “चाचा, कागद मी गोळा करते. पण साक्षीपुरावा आणि उलटतपासणी माझ्याच्याने होणार नाही. ते सीनियर करतील. वकीलपत्रावर दोघांची नावं राहतील आणि फी किती ते आजच सांगते.” सीनियरने अपंगत्वाचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांनाच साक्षीला आणलं. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालाप्रमाणे नुसती शरीराची टक्केवारी बघायची नसते, त्या माणसाची कमाई किती बुडाली ते बघायचं असतं. बैठ्या कामाच्या माणसाचा पाय अधू होणं आणि ऑटोवाल्याचा होणं एक नाही. हे कोर्टापुढे मांडलं गेलं. ती मुलगीही प्रत्येक तारखेला शेजारी बसून शिकली.

माझ्या कंपनीत आपल्याला न जमणारं काम वेळेत पुढे दिलं, तर कुणी नावं ठेवत नाही. दडवून ठेवलं तर नोकरी जाते. मग वकिलाने “हे माझं काम नाही” म्हटलं की आपण त्याला कच्चा का समजतो? आणि “आपला माणूस” म्हणून चुकीच्या माणसाच्या हाती फाइल का देतो?

तालुक्याचे तरुण वकील म्हणतील, केस सोडली तर आमचं घर कसं चालेल, आणि आम्ही शिकणार कधी? हा प्रश्न खोटा नाही. त्याचं उत्तर लातूरच्या त्या मुलीने दिलं आहे. केस सोडू नका, सीनियरसोबत चालवा आणि केलेल्या कामाची फी उघडपणे घ्या. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत अशी फी वाटून घेताना अशिलाची लेखी संमती लागते. आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा भरपाईच्या रकमेत वाटा घेणं वकिलाला मनाईच आहे. तरी हॉस्पिटलच्या दारात टक्केवारीची बोली लावणारे दलाल भेटतात. तिथे केस एका हातातून दुसऱ्या हातात जाते, पण ती अनुभवासाठी नव्हे, कमिशनसाठी. दोन्हींतला फरक ओळखा. एकात तुम्हाला विचारलं जातं, दुसऱ्यात तुम्हाला विकलं जातं.

म्हणून वकीलपत्रावर सही करण्याआधी घरातल्या शिकलेल्या पोराने किंवा पोरीने चार प्रश्न विचारावेत. असे किती दावे तुम्ही शेवटपर्यंत चालवलेत? कोर्टात उभं कोण राहणार? उत्पन्नाचा आणि अपंगत्वाचा पुरावा कसा आणणार? फी किती? प्रश्न विचारणं म्हणजे बेअदबी नव्हे.

वेळही कमी असतो. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा आहे. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलं आहे, तरी त्या भरवशावर थांबू नका. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, नांदेडलाही आहे, लातूरलाही. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे आमच्या भाभीला कुणी सांगितलं नव्हतं. हेल्पलाइन १५१००.

आणि वकील बदलावा लागला तर लाजू नका. फी बाकी आहे म्हणूनही वकिलाला फाइल अडवून ठेवता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलं आहे. आमच्या मुमानी “नात्यात वाईटपणा येईल” म्हणून फाइल मागायला तयार नव्हत्या. अपिलाच्या ९० दिवसांपैकी ७० त्यातच गेले. शेवटी मीच जाऊन मागितली. त्यांनी मुकाट्याने दिली आणि म्हणाले, “मी तेव्हाच दुसऱ्याकडे पाठवायला हवं होतं.”

आता अपील औरंगाबाद खंडपीठात आहे. त्यांचं ते वाक्य पहिल्या दिवशी आलं असतं, तर कदाचित तिथे जावंच लागलं नसतं.